ट्रंकेतील खेळाडू

जयंती पंधरा दिवसांवर आली की आमच्या वस्त्यांतून घरे झाडायला निघतात. भांडीकुंडी अंगणात येतात, भिंतींवर रंगाचा हात फिरतो आणि कॉटखालची पत्र्याची ट्रंक वर्षातून एकदा उजेड पाहते. तिच्या तळाशी हमखास काही तरी निघते. रबर लावलेला काडीपेटीच्या छापांचा गठ्ठा, कडा झिजलेली क्रिकेटपटूंची चित्रे, लेकीला शाळेत मिळालेले खो-खोचे प्रमाणपत्र, गंजलेला बिल्ला. "हे ठेवायचं का टाकायचं?" असा प्रश्न येतो आणि त्याच वेळी रस्त्यावर भंगारवाल्याची हाक ऐकू येते. बहुतेक घरांत उत्तर घाईत दिले जाते. ते जरा दमाने द्यावे असे आम्हाला वाटते, आणि का वाटते ते आज वाचकांपुढे मांडायचे आहे.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९७० च्या आगेमागे, उस्मानाबाद जिल्ह्यातील (आता धाराशिव म्हणायचे) पोरांना वस्तू जमवायला पैसा लागत नसे, कारण पैसा नव्हताच. जमवायचे ते लोकांनी टाकलेले. रिकाम्या काडीपेटीचा वरचा छाप, सिगारेटचे पाकीट, बिडीबंडलावरचा कागद. एस. टी. स्टँड, आठवडी बाजार, जत्रा आणि कुस्त्यांचा फड ही आमची सुगीची ठिकाणे. चारमिनारची पाकिटे ढिगाने सापडत. ही सिगारेट हैदराबादची, आणि आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. राज्य गेले तरी सिगारेटचा अंमल इकडे चालूच राहिला होता. म्हणून पोरांच्या बाजारात चारमिनारला भाव कमी. एखाद्या साहेबाच्या जीपमधून पडलेले परदेशी पाकीट हाती लागले तर तो पोरगा त्या दिवसापुरता सावकार. मातीत रिंगण आखायचे, सर्वांनी आपापले छाप मध्ये मांडायचे आणि लांबून फरशीचा चपटा तुकडा नेम धरून मारायचा. रिंगणाबाहेर उडाले तेवढे आपले.

एक गोष्ट मात्र आम्हाला तेव्हाही खटकली होती. गावात ज्या घरी आमच्या ओंजळीत वरून पाणी ओतत, त्याच घरचा पोरगा आमच्या हातातून छाप मोजून घेई आणि खिशात घाली. छापाला विटाळ नव्हता. जिंकायची वस्तू असली की विटाळ कसा गळून पडतो, हे आम्ही रिंगणात पाहिले. ही गोष्ट पुढे लागणार आहे, म्हणून इथेच सांगून ठेवली.

आमच्या घरांत आणखीही एक संग्रह होता, पण त्याला संग्रह म्हणावे हे कुणाला सुचले नव्हते. सहा डिसेंबरला मुंबईला किंवा दसऱ्याला नागपूरला जाऊन आलेल्या माणसाने आणलेला बाबासाहेबांचा बिल्ला. १४ एप्रिल १९६६ रोजी निघालेले बाबासाहेबांचे टपाल तिकीट. पुढे १९९० सालचा, जन्मशताब्दीचा एक रुपया. रुपया खर्चायचा असतो. पण तो रुपया सुट्ट्या पैशांत आला की आमच्या बायका पदराला वेगळी गाठ मारीत आणि घरी येऊन तो ट्रंकेत टाकीत. रोजगारावर जाणाऱ्या बाईने एक रुपया बाजूला ठेवणे म्हणजे काय, हे ज्यांनी मीठ-मिरचीचा हिशेब केला आहे त्यांना सांगायला नको.

आमच्या मुलांच्या वेळेपर्यंत चित्र पालटले. १९८३ साली कपिल देवच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला, १९८७ चा रिलायन्स चषक तर भारत-पाकिस्तानातच झाला, दूरचित्रवाणी गल्लीत आली आणि खेळाडूचे चित्र ही विकत मिळणारी वस्तू झाली. बिग फन नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे निघत, त्यांवर धावा आणि बळी छापलेले असत. पोरे गमपेक्षा चित्राला जपत. ज्यांना गम परवडत नसे ती वर्तमानपत्रे कापीत. संदीप पाटील ज्याचे संपादक होते ते 'एकच षटकार', इंग्रजी 'स्पोर्टस्टार'चे मधले पोस्टर, यांची कात्रणे जुन्या वहीत भाताच्या शितांनी चिकटवलेली आम्ही पाहिली आहेत. १९८८ साली तेंडुलकर आणि कांबळी या शाळकरी पोरांनी आझाद मैदानावर ६६४ धावांची भागी केली, त्या दोघांचा फोटो कितीतरी वह्यांच्या पहिल्या पानावर होता.

मग ट्रम्प कार्डे आली. क्रिकेटची होती, पण जोर कुस्तीवाल्यांच्या पत्त्यांचा. उंची, वजन, छाती, दंड, किती लढती जिंकल्या, सगळे आकडे. पाचवीतल्या पोराला स्वतःच्या बापाचे वजन सांगता येत नसे, पण अंडरटेकरचे तोंडपाठ! १९९९ च्या विश्वचषकाच्या वेळी ब्रिटानियाने 'ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ' अशी योजना काढली. पुड्यांवरचे गुण जमवायचे, शंभर भरले की एक पुस्तिका आणि खरवडून बघायचे कार्ड. ऐपतीची मुले बिस्किटे विकत घेत. आमच्या वस्तीतील मुलांनी चहाच्या हॉटेलांमागचे ढीग उपसून रिकामे कागद जमवले. शंभर गुण दोघांचेही सारखेच भरत.

साहेबांच्या देशांत या वेडाचे वय मोठे आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटात एक जाड कागद घालीत, त्यावर खेळाडूचे चित्र छापून माल खपवायचा, अशी ती युक्ती. पुढे अमेरिकेत टॉप्स कंपनीने बेसबॉलपटूंची कार्डे गमबरोबर विकली. १९५२ सालच्या मालिकेतील मिकी मॅन्टल या खेळाडूचे एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. एवढी किंमत कशाने आली? मॅन्टल मोठा खेळाडू होताच. पण त्या मालिकेची न खपलेली कार्डे कंपनीनेच १९६० साली समुद्रात बुडवली, आणि खपलेली बरीचशी मुले मोठी झाल्यावर त्यांच्या आयांनी केरात टाकली. उरली ती थोडी, म्हणून महाग. हे वाचून कुणी आपल्या ट्रंकेत कोटी शोधू नयेत. काडीपेटीच्या छापाचे फार तर चहापाण्याचे पैसे येतील. आम्ही ज्या किमतीबद्दल बोलतो आहोत ती वेगळी आहे.

ती कळण्यासाठी एक साधी गोष्ट करावी. संग्रहाची वही उघडावी आणि तिच्यात कोण आहे हे पाहताना कोण नाही हेही पाहावे. १९९६ साली टपाल खात्याने चार जुन्या क्रिकेटपटूंची तिकिटे काढली : सी. के. नायडू, विनू मंकड, दि. ब. देवधर आणि विजय मर्चंट. चौघेही मोठे, त्याबद्दल वाद नाही. पण या चौघांच्याही आधी ज्याच्या गोलंदाजीला इंग्लंड वचकले, तो पळवणकर बाळू त्या चौकडीत नाही. आमच्या मुलांच्या एकाही वहीत आम्हाला तो आढळला नाही.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, चर्मकार घरातला. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टी सांभाळणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे हे त्यांचे काम, पगार महिना चार रुपये. डावऱ्या हाताची फिरकी अशी, की पुण्याच्या हिंदू संघाला अखेर त्यांना घ्यावेच लागले. आता आमच्या रिंगणातील ती गोष्ट आठवावी. मैदानात बाळूंनी टाकलेला चेंडू सगळे झेलीत, उचलीत, पुन्हा त्यांच्या हाती देत. चहाची वेळ झाली की त्यांचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या फुटक्या मोलाच्या भांड्यात. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, पण एकट्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्यांचे भाऊ विठ्ठल १९२३ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कप्तान झाले. बाळूंना तो मान कधी मिळाला नाही.

हे सारे आपल्याला कशावरून कळले? मोठ्या भागाने विठ्ठल पळवणकरांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे पुस्तक मराठीत लिहून ठेवले म्हणून. रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटचा इतिहास लिहिताना ते शोधून काढले आणि २००२ नंतर जगाला बाळू ठाऊक झाले. मधली पन्नासेक वर्षे ते पुस्तक कुणी तरी कुठे तरी जपून ठेवले होते. त्या अज्ञात माणसाच्या घरीही रद्दीवाला येत असणारच.

आमच्यातील काही जाणती मंडळी बाळूंचे नाव काढले की गप्प होतात, याची आम्हाला कल्पना आहे. बाबासाहेबांना आरंभी त्यांचे कौतुक होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या आणि १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहून हरले. ते लपवण्याचे कारण नाही. पण त्या निवडणुकीपायी ११४ बळी पुसून टाकायचे, हे आम्हाला मान्य नाही. बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर आहेच. ट्रंकेत बाळूंना जागा द्यायला हरकत नसावी.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. क्रिकेटच्या नकाशावर धाराशिव कुठे सापडत नाही, पण खो-खोच्या नकाशावर ते ठळक आहे. दोन खांब, चुन्याच्या रेषा आणि पळायची ताकद एवढ्यावर हा खेळ उभा राहतो, म्हणून तो गरिबाच्या घरात शिरला. मुलींच्या घरात विशेष शिरला. सारिका काळे ही याच शहरातली मुलगी. घरची परिस्थिती बेताची, प्रशिक्षक चंद्रजित जाधव. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी सुवर्णपदक मिळवले. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो दोन दशकांहून अधिक काळानंतर मिळत होता. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, त्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८–४० असे हरवले. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

यांची चित्रे कोणत्या बिस्किटाच्या पुड्यात निघाली? आमच्या नातवंडांकडे आयपीएलच्या खेळाडूंची चकचकीत कार्डे आहेत, त्यांत ऑस्ट्रेलियाचे आहेत, वेस्ट इंडीजचे आहेत. आपल्या तुळजाभवानी क्रीडा संकुलात पहाटे अनवाणी पळणाऱ्या मुलीचे कार्ड नाही. कंपनी ते काढील म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. कंपनीला जे विकायचे असते त्याचेच चित्र ती काढते, आणि त्याबद्दल तिला दोष देऊन काही मिळत नाही. आपल्या मुलीचे कार्ड म्हणजे तिच्या अंगावरचे नंबराचे बिब, शाळेच्या संघाचा फोटो, वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर दोन ओळींत छापलेले नाव आणि सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र. हे सर्व फक्त घरीच असते. घराने टाकले की ते जगात दुसरीकडे कुठेच उरत नाही.

याचा अनुभव आपल्या जिल्ह्याइतका कुणाला नसेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा किल्लारीबरोबर आपल्याकडील सास्तूर आणि उमरगा-लोहारा भागातील गावेही कोसळली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि डोक्यावर मातीचे धाबे. झोपलेली माणसे त्याखाली गेली. माणसे हजारांनी गेली, तिथे कागदांचा हिशेब कोण करणार? पण दोन-तीन वर्षांनी आम्ही त्या बाजूला गेलो असता एका आजोबांनी सांगितले, "नातू कसा होता ते दाखवायला एक फोटोसुद्धा राहिला नव्हता." पोरगा नववीत होता, कबड्डी खेळायचा. मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक फोटो काढला. तालुक्याच्या स्पर्धेला गेलेल्या शाळेच्या संघाचा. दुसऱ्या गावी राहणाऱ्या एका सवंगड्याने तो दप्तरात जपला होता आणि नंतर आणून दिला. मागच्या रांगेत डावीकडून दुसरा. चेहरा हरभऱ्याएवढा. आजोबा बोटाने तो दाखवीत होते आणि बोट चेहऱ्यावर टेकणार नाही याची काळजी घेत होते.

एका माणसाच्या जमवण्याच्या छंदाने काय होते ते पाहायचे तर तेरला जावे. प्राचीन काळी तगर या नावाने रोमपर्यंत ठाऊक असलेले हे गाव. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीत, शेतात, पावसाने उघडे पडलेले मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या उचलून घरी आणल्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती खापरे वाटली असतील. आज त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तिथे उभे आहे आणि परदेशातून विद्वान ते बघायला येतात. तेरच्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले, त्यामुळे आपल्यातील अनेक जण तिथे जातातच. जाताना लेकरांना बरोबर न्यावे आणि त्या मातीच्या बाहुल्यांपुढे जरा थांबावे. खेळाच्या वस्तूंचेही असे संग्रहालय आपल्या महाराष्ट्रात आहे. पुण्यात रोहन पाटे या क्रिकेटवेड्या तरुणाने बॅटी, टोप्या, सदरे जमवून 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' नावाचे संग्रहालय उभे केले, २०१२ साली तेंडुलकरच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. खो-खोचे असे काही व्हायचे झाले तर ते आमच्या मते धाराशिवलाच व्हावे, आणि त्यात ठेवायच्या वस्तू आज या घटकेला आपल्याच कॉटखाली आहेत.

माता-भगिनींनो, आता कामाचे बोलू. मूळ प्रमाणपत्राला प्लॅस्टिकचे लॅमिनेशन करू नये. दिसायला छान दिसते, पण ते पुन्हा निघत नाही आणि आत ओल राहिली तर कागद पिवळा पडतो. चिकटपट्टी तर लावूच नये. सुती कापडात किंवा कोऱ्या कागदात गुंडाळून, आडवे ठेवावे. ट्रंक जमिनीला टेकू देऊ नये, चार विटांवर चढवावी. वाळवी भिंतीकडून येते, म्हणून वीतभर अंतर सोडावे. कडुनिंबाचा वाळलेला पाला आपल्या आज्या घालीत, तो घालावा, पण हिरवा घालू नये. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने गाव, साल आणि डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे लिहावीत. पेनची शाई पुढे उमटते.

प्रमाणपत्राच्या बाबतीत निव्वळ आठवणीचाही प्रश्न नाही. महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत प्रावीण्य मिळवलेल्या खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. ते प्रमाणपत्र क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावे लागते आणि तिथे झेरॉक्स चालत नाही. आमच्या पाहण्यातील एक मुलगी राज्य पातळीवर खेळलेली. लग्न होऊन सासरी गेली, कागद माहेरी राहिले, भावाने घर बांधायला काढले आणि जुने सामान गाडीवाल्याला दिले. नोकरीची जाहिरात आली तेव्हा तिच्यापाशी गुडघ्यावरचा जुना वण होता, कागद नव्हता. लग्नात भांड्यांची यादी होते, कपाट-पलंगाची होते. त्याच यादीत लेकीच्या पदकांची आणि प्रमाणपत्रांची ओळ घालावी आणि सासूबाईंच्या देखत ती तिच्या हाती द्यावी.

काडीपेटीचे छाप? तेही ठेवावेत. फार जागा खात नाहीत.

आमच्या वस्तीतील तरुण मंडळाच्या कबड्डी संघाचा १९७८ सालचा एक फोटो सध्या आमच्याकडे आहे. सात गडी, मध्ये ढाल, मागे पत्र्याची शाळा. पाठीमागे काही लिहिलेले नाही. त्या संघातील एकच गडी आज हयात आहे, त्याला मोतीबिंदू झालेला. त्याने फोटो डोळ्यांजवळ नेऊन स्वतःसकट पाच जणांची नावे सांगितली. ढालीच्या उजवीकडे बसलेला आणि कडेला उभा असलेला, हे दोघे त्याला आठवेनात. एक बहुधा साखर कारखान्यावर ऊसतोडीला येणाऱ्या टोळीतला असावा, असे तो म्हणतो. येत्या पौर्णिमेला हा फोटो आम्ही विहारात घेऊन जाणार आहोत. म्हाताऱ्या माणसांनी चष्मा आठवणीने आणावा.